एपीआय बदलली की सगळं अडतं, ते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार महिने पायथॉन शिकताय. लूप, फंक्शन, डिक्शनरी जमतात. व्हिडिओत दाखवलेला हवामानाच्या एपीआयचा कोड उतरवला की चालतो, पण स्वतःच्या मनाने दुसरी एपीआय घेतली की कधी ४०१ हा एररचा आकडा येतो, कधी की-एरर (डिक्शनरीत मागितलेलं नाव नसल्याची एरर), कधी नुसतंच रिकामं उत्तर. आणि शेवटी विचारलंय, "एपीआय म्हणजे नक्की काय, आणि ती शिकायची तरी कशी?"

व्याख्या पुढे सांगतोच, पण तुमचं घोडं व्याख्येपाशी अडलेलं नाही. त्या व्हिडिओतल्या पंधरा-वीस ओळींत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. काही ओळी एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर मागणी आणि उत्तर पाठवण्याच्या, नियमांमुळे आहेत; ते नियम सगळीकडे सारखे. काही त्या एका एपीआयच्या स्वतःच्या अटींमुळे आहेत. आणि उरलेल्या पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत तसं लिहायची पद्धत आहे म्हणून. कुठली ओळ कशामुळे आली हे माहीत नसेल, तर दुसरी एपीआय घेताना काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे ठरवणार कसं? मी १२ वर्षं सर्व्हरच्या बाजूचं काम करतोय, एपीआय वापरतोही आणि इतरांसाठी लिहितोही. नव्याने कामाला लागलेल्यांबरोबर बसलो की पहिली गाठ हीच सोडवावी लागते.

आता व्याख्या. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी केलेला करार: 'मला अशा पद्धतीने विचारलंस तर मी तुला अशा आकारात उत्तर देईन, आत मी काय करतो याची तुला चिंता नको.' या अर्थाने तुम्ही पायथॉन शिकायला लागल्यापासून एपीआय वापरताय. यादीची लांबी हवी असली की 'लेन' म्हणता आणि आकडा मिळतो. तो मोजला कसा, हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आणि पाहायची गरजही पडली नाही. वेब एपीआयही तीच गोष्ट, फक्त करारातला दुसरा पक्ष नेटवर्कच्या पलीकडे बसलेला आहे. तो पलीकडे आहे म्हणून त्याचा पत्ता लागतो. तुम्ही कोण हे त्याला पटवावं लागतं. उत्तराला वेळ लागतो. आणि काही वेळा उत्तर येतच नाही. एपीआयच्या कोडमधला जो भाग नवख्या माणसाला अनोळखी वाटतो, तो जवळजवळ सगळा या चार कारणांपोटी आलेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: थोडे दिवस पायथॉन बाजूला ठेवा. 'ओपन-मेटिओ' नावाची हवामानाची एपीआय आहे, बिगरव्यावसायिक वापरासाठी तिला की, म्हणजे तुमची ओळख पटवणारा गुप्त मजकूरसुद्धा लागत नाही. तिच्या डॉक्युमेंटेशनच्या पानावर तयार पत्ता मिळतो. तो ब्राउझरच्या पट्टीत टाका आणि एंटर दाबा. समोर महिरपी कंसांतला मजकूर येईल; लिहिण्याच्या या पद्धतीला 'जेसन' म्हणतात. झालं, तुम्ही एपीआय वापरलीत, एक ओळही न लिहिता. मग तो पत्ता नीट वाचा. आधी सर्व्हरचं नाव, मग तिरक्या रेघांनी तोडलेला मार्ग, मग प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे 'अक्षांश बरोबर इतके, रेखांश बरोबर इतके' अशा जोड्या. त्यातला एकच आकडा बदला आणि उत्तरात काय बदललं ते बघा. एक पॅरामीटर काढून टाका आणि सर्व्हर काय तक्रार करतो ते वाचा. मुद्दाम चुकीचं नाव लिहा. यात घालवलेला अर्धा तास पुढचे कित्येक दिवस वाचवतो. कारण इथे चुकायला एकच जागा आहे. कोडमधून तीच रिक्वेस्ट पाठवलीत आणि चुकली, तर पत्ता चुकला, की चुकली, लायब्ररी चुकीची वापरली की उत्तर वाचताना घोळ झाला, हे चारही संशयित एकदम उभे राहतात.

ब्राउझरची पट्टी फक्त 'गेट' प्रकारची, म्हणजे माहिती मागणारी रिक्वेस्ट पाठवते. माहिती पाठवायची असेल किंवा हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी जादा माहिती) जोडायचे असतील तर 'कर्ल' ही कमांड किंवा 'पोस्टमन'सारखं साधन घ्या. कर्ल १९९८ पासून आहे आणि बहुतेक डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं तिच्यातच लिहिलेली असतात, त्यामुळे ती वाचता येणं फार उपयोगी पडतं. सरावासाठी 'एचटीटीपीबिन' बघा. तुम्ही जे पाठवाल तेच ती जसंच्या तसं परत दाखवते. आपण काय पाठवतोय असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात काय गेलं, यातलं अंतर तिथे उघड दिसतं.

इतकं झालं की रिक्वेस्टचे भाग तुम्हाला आपोआप ओळखता येतील: पद्धत (माहिती मागणारी गेट, माहिती पाठवणारी पोस्ट वगैरे), पत्ता, हेडर, आणि गरज असेल तर बॉडी, म्हणजे मुख्य मजकूर. उलट दिशेने येणाऱ्या रिस्पॉन्सचे तीन: स्टेटस कोड (काय झालं ते सांगणारा आकडा), हेडर, बॉडी. हा सांगाडा एचटीटीपीचा आहे, तो एपीआय बदलली तरी बदलत नाही. पत्ता नेमका कोणता, पॅरामीटरची नावं काय, की कुठे ठेवायची आणि बॉडीत काय येणार, हे मात्र त्या त्या एपीआयचं. आता तुमच्या तीन तक्रारींकडे येऊ.

४०१ म्हणजे 'तुम्ही कोण हे मला पटलेलं नाही'. तुम्ही कोड दाखवलेला नाही, पण माझा अंदाज असा: व्हिडिओतली की पत्त्यातच पॅरामीटर म्हणून जात होती, आणि नव्या एपीआयला ती हेडरमध्ये हवी आहे. की कुठे ठेवायची याचा जगभर एकच नियम नाही. काही सेवा पत्त्यात घेतात, काही स्वतःच्या नावाचा हेडर मागतात, आणि बऱ्याच ठिकाणी 'ऑथरायझेशन' हेडरमध्ये 'बेअरर' हा शब्द, मग एक रिकामी जागा, मग की, असं लिहावं लागतं. तो 'बेअरर' किंवा त्यापुढची जागा विसरली की ४०१ ठरलेला. की चिकटवताना शेवटी स्पेस किंवा नवी ओळ आली तरी तेच. काही सेवांत नवी की चालू व्हायलाही वेळ लागतो. ४०३ आला तर गोष्ट वेगळी: तुम्ही कोण ते कळलंय, पण या गोष्टीची परवानगी तुम्हाला नाही. मग की पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो, खात्याचे अधिकार तपासायचे. एक अपवाद लक्षात ठेवा. कोड साठवायच्या गिटहब या सेवेची एपीआय, तुम्हाला परवानगी नसलेल्या खासगी रिपॉझिटरीसाठी (कोडच्या साठ्यासाठी) ४०३ ऐवजी ४०४ देते, म्हणजे ती रिपॉझिटरी आहे की नाही हेसुद्धा बाहेरच्याला कळू नये. त्यामुळे 'पत्ता तर बरोबर आहे, मग सापडत का नाही' असं झालं तर एकदा टोकनकडे, म्हणजे गिटहबच्या कीकडे, बघा.

ढोबळमानाने ४०० च्या घरातले कोड सांगतात की तुमच्या रिक्वेस्टमध्ये काही बिघडलंय, आणि ५०० च्या घरातले सांगतात की त्यांच्याकडे बिघडलंय. पण कोडइतकीच बॉडी महत्त्वाची, आणि नवशिके नेमकी तीच वाचत नाहीत. 'अमुक पॅरामीटर दिलेला नाही' असं सर्व्हरने स्पष्ट लिहून पाठवलेलं असतं आणि आपण मात्र ४०० चा आकडा घेऊन इंटरनेटभर उत्तर शोधत फिरतो. मी शेजारी बसून मदत करतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो: बॉडीत काय लिहिलंय? निम्म्याहून अधिक वेळा माझं काम तिथेच संपतं.

इथे लायब्ररीच्या सवयीही ठाऊक हव्यात. पायथॉनची 'रिक्वेस्ट्स' ४०४ किंवा ५०० आला तरी स्वतःहून एरर फेकत नाही. तुम्ही स्टेटस कोड पाहायचा, किंवा 'रेझ फॉर स्टेटस' हे फंक्शन बोलवायचं. जावास्क्रिप्टच्या 'फेच'चंही तेच. नेटवर्क तुटलं तर ते तक्रार करतं, पण सर्व्हरने 'नाही' म्हटलं तर त्याच्या दृष्टीने उत्तर आलं, काम झालं. म्हणून तुमचा प्रोग्रॅम चुकीच्या उत्तरावरही निमूट पुढे जातो आणि दहा ओळींनंतर कुठेतरी भलतीच एरर देतो. तुमच्या की-एररचं मूळ इथेही असू शकेल: तुम्ही तापमान शोधताय आणि आलेल्या डिक्शनरीत फक्त चूक सांगणारा संदेश आहे. 'जेसन वाचता आलं नाही' अशी एरर आली तर बहुधा जेसनच्या जागी एचटीएमएलचं पान आलेलं असतं. 'कंटेंट-टाइप' हेडर पाहिला की लगेच कळतं.

की-एररचं दुसरं कारण म्हणजे उत्तराचा आकार आपण गृहीत धरतो. उत्तर आलं की आधी ते पूर्ण छापा. सर्वांत बाहेर डिक्शनरी आहे की यादी? हवी ती गोष्ट किती थर आत आहे? एक एक थर उघडत जा, आणि प्रत्येक थराला 'टाइप' विचारा. बारा थर एका ओळीत खोदणारा कोड शेवटी लिहायचा, सुरुवातीला नाही. आणखी एक बारकावा: फील्ड नसणं आणि फील्ड असून त्यात 'नल' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात की-एरर येते. दुसऱ्यात डिक्शनरीतलं नाव सापडतं, पण हातात 'नन' येतो आणि एरर पुढच्या ओळीवर सरकते. डॉक्युमेंटेशनमधला नमुना बहुधा सगळी फील्ड भरलेला असतो, खरा डेटा तसा नसतो. म्हणून मी एखादी एपीआय पहिल्यांदा वापरतो तेव्हा दहा-वीस खरी उत्तरं फाइलमध्ये साठवून ठेवतो आणि वाचणारा कोड त्या फाइलींवर लिहितो. नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही, वापराची मर्यादाही खर्च होत नाही.

रिकाम्या उत्तराबद्दल लोक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण कोड २०० असतो आणि एरर कुठेच नसते. बहुतेक वेळा अर्थ सरळ असतो: तुम्ही विचारलंत ते बरोबर पद्धतीने विचारलंत, पण त्या प्रश्नाला जुळणारं काही नाही. मग प्रश्न तपासायचा. नकाशाच्या एपीआयांत हे फार होतं. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, आणि जिओजेसन या नकाशांसाठीच्या जेसनमध्ये मात्र रेखांश आधी लिहायचा असतो. उलट लिहिलं तर बिंदू भलत्याच ठिकाणी पडतो आणि तिथे खरंच काही नसतं. तारखांचंही असंच. १ जानेवारी १९७० पासूनची वेळ काही एपीआय सेकंदांत मागतात, काही मिलिसेकंदांत. आजच्या काळातली वेळ १० आकडी दिसली तर सेकंद, १३ आकडी दिसली तर मिलिसेकंद. चुकलात तर एकतर १९७० साल येतं किंवा हजारो वर्षं पुढचं. आणि शोधायचा शब्द मराठीत असेल तर पत्त्यात तो हाताने चिकटवू नका. यूटीएफ-८ मध्ये 'क' हे एक अक्षर ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह लावून लिहावा लागतो, म्हणजे एका 'क' चे ९ वर्ण होतात. हे काम 'रिक्वेस्ट्स'च्या 'पॅराम्स'ला द्या, ते बिनचूक करतं.

रिकाम्या उत्तरापेक्षा अर्धवट उत्तर जास्त फसवं, आणि याबद्दल मला जरा लांबण लावायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक अहवाल बनवला होता: प्रत्येक गटात किती नोंदी आहेत, याचा. कोड चालला, तक्ता सुंदर दिसला, मी पाठवून दिला. दोन दिवसांनी एका सहकाऱ्याने विचारलं, "कुठल्याही गटात १०० पेक्षा जास्त नोंदी कशा नाहीत?" एपीआय एका वेळी १०० च नोंदी देत होती आणि उरलेल्या पुढच्या पानांवर होत्या. कुठेही एरर नव्हती. स्टेटस २००, जेसन चोख, आणि अहवाल साफ चुकलेला. मला ते अनेक दिवस लागून राहिलं, कारण त्या आकड्यांवर लोकांनी चर्चाही केली होती. तेव्हापासून यादी देणारी कुठलीही एपीआय दिसली की मी आधी पानांची पद्धत शोधतो. गिटहबची एपीआय न सांगता ३० नोंदी देते, मागितल्या तर जास्तीत जास्त १००, आणि पुढच्या पानाचा पत्ता 'लिंक' नावाच्या हेडरमध्ये पाठवते. दुसरी एखादी एपीआय तो बॉडीत ठेवेल, तिसरी फक्त एक खुणेचा मजकूर देईल आणि पुढच्या वेळी तो परत मागेल. पद्धत कुठलीही असो, मोजून आलेला आकडा ३०, ५० किंवा १०० असा गोल असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी थांबा.

पानं फिरवायला लागलात की मर्यादेशी गाठ पडते. गिटहब ओळख न देता तासाला ६० रिक्वेस्ट देते, टोकन दिलं तर साधारण ५०००. मर्यादा ओलांडली की बऱ्याच सेवा ४२९ देतात, आणि कधी कधी 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये किती थांबायचं तेही सांगतात. तो आकडा पाळा. लगेच पुन्हा धडका मारण्याने काही सेवा तुम्हाला आणखी जास्त वेळ बंद ठेवतात. शिवाय 'रिक्वेस्ट्स'मध्ये टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, तुम्ही दिल्याशिवाय नसतो. सर्व्हर गप्प राहिला तर तुमचा प्रोग्रॅम कितीही वेळ ताटकळत बसू शकतो. प्रत्येक रिक्वेस्टला टाइमआउट द्या, अगदी सरावाच्या कोडमध्येही.

पण टाइमआउट आला म्हणून डोळे मिटून पुन्हा पाठवायचं का? ते काय पाठवताय यावर आहे. गेट असेल तर खुशाल पाठवा, माहिती मागितल्याने सहसा काही बदलत नाही. पोस्ट असेल तर सावध राहा. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही. काम झालं नाही असा त्याचा अर्थ नाही. ऑर्डर तिकडे नोंदली गेली असेल आणि फक्त पावती वाटेत हरवली असेल, तर दुसऱ्यांदा पाठवल्यावर दोन ऑर्डर होतील. म्हणून पैशांच्या व्यवहाराच्या बऱ्याच एपीआयांत प्रत्येक रिक्वेस्टसोबत तुम्ही बनवलेली एक खूण पाठवायची सोय असते. तीच खूण पुन्हा दिसली तर सर्व्हर काम दुसऱ्यांदा न करता आधीचंच उत्तर देतो. सध्या तुम्हाला याची गरज नाही, पण पोस्ट पहिल्यांदा लिहाल तेव्हा हे आठवा.

गुप्त कीबद्दल मी कुणाचीच गय करत नाही. ती कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटपासून (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनापासून) दूर ठेवा. चुकून वर गेली तर नुसती ओळ खोडून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती राहतेच. सेवेच्या पानावर जाऊन ती की रद्द करा आणि नवी घ्या. आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवलेली की गुप्त नसतेच, पान उघडणाऱ्या कुणालाही ती दिसते.

जावास्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर, पुढे ब्राउझरमधून एपीआय बोलवाल तेव्हा 'कॉर्स'ची एरर भेटेल. कर्लमध्ये चालतं, पायथॉनमध्ये चालतं आणि ब्राउझरमध्येच नाही, हे पाहून माणूस चक्रावतो. ते बंधन ब्राउझरचं आहे: दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवल्याशिवाय तो तुमच्या पानाला उत्तर वाचू देत नाही. त्याचा इलाज सर्व्हरच्या बाजूला असतो, तुमच्या पानाच्या कोडमध्ये नाही.

एखाद्या सेवेने पायथॉनसाठी स्वतःची लायब्ररी दिली असेल तर ती वापरावी की रिक्वेस्ट हाताने पाठवावी? नोकरीत मी लायब्ररीच वापरतो, कारण पानं, पुन्हा प्रयत्न, टोकनचं नूतनीकरण हे सगळं ती सांभाळते. शिकताना मात्र पहिल्या दोन-तीन एपीआय हाताने करा. नाहीतर लायब्ररी अडली की आत काय चाललंय याचा अंदाजच येणार नाही. 'रेस्ट', 'ग्राफक्यूएल' हे शब्दही ऐकाल. रेस्ट ही रचनेची शैली रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली. रोजच्या बोलण्यात मात्र एचटीटीपीवरून जेसन देणाऱ्या जवळजवळ कुठल्याही एपीआयला लोक रेस्ट म्हणतात. या शब्दांपाशी आत्ता थांबू नका, वर सांगितलेला सांगाडा दोन्हीकडे कामाला येतो.

सराव असा करा. पहिल्या आठवड्यात ओपन-मेटिओ: की नाही, एकच रिक्वेस्ट, उत्तर तीन थर खोल. मग 'जेसनप्लेसहोल्डर' ही सरावाची एपीआय: तिथे १०० खोटे लेख आहेत, आणि पोस्ट प्रकारची रिक्वेस्ट पाठवलीत तर ती २०१ देते, पण काहीच साठवत नाही, त्यामुळे बिनधास्त चुका करता येतात. मग गिटहब: टोकन, हेडर, पानं, मर्यादा, सगळं एकत्र. प्रत्येक वेळी आधी ब्राउझर किंवा कर्ल, मग पायथॉन. आणि कोड चालला की प्रत्येक ओळीशेजारी कॉमेंटमध्ये लिहा: ही ओळ एचटीटीपीमुळे, ही या एपीआयमुळे, ही लायब्ररीमुळे. तिसऱ्या एपीआयला पोचाल तेव्हा नवं लिहायला किती थोडं उरलंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

मधे अडलात तर पुन्हा विचारा, मी उत्तर देईन. पण तेव्हा तीन गोष्टी चिकटवा: पाठवलेला पूर्ण पत्ता आणि हेडर, आलेला स्टेटस कोड, आणि बॉडीतला मजकूर जसाच्या तसा. की तेवढी पुसून.